खंडेनवमीचं कुंकू आणि टायमिंगचा दात

असे अनुभव लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात, की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर आजही नाही. मी एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. भुताखेतांची पुस्तकं कुठल्या कपाटात लावायची, एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. तरीही लिहितोय, कारण या प्रकरणातली चूक माझी होती, आणि ती दुरुस्त कशी झाली हे मला अजून सांगता येत नाही.

गोष्ट सोलापूरची, आणीबाणीच्या आदल्या वर्षातली. साखर पेठेत आमच्या घरासमोर नरसय्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि मध्ये एक गाडी मावेल एवढी जागा. नरसय्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या माग. तोही पंधरा वर्षं लूमवर होता. सुताच्या धुळीनं छाती धरली, खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं — पुन्हा लूमवर गेलास तर माझ्याकडे येऊ नकोस. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यानं पान्हा हातात घेतला. हात विलक्षण हलका. झोपलेल्या माणसाचं पांघरूण काढावं तसं बोनेट उघडायचा. पण गिऱ्हाईक फार नव्हतं. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर शेड सोडायची असं ठरलेलं होतं... थोरल्या भावानं लूमवर त्याची जागा धरूनच ठेवली होती.

अशात एका साखर कारखान्याच्या चेअरमनची अँबॅसडर आली. टायमिंगची चेन सैल होऊन खडखडत होती. दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटवतात. त्याला 'अग्निप्रदीपन' म्हणतात. म्हणजे काडी ओढायची. पण ती ओढायला चेअरमन फुलांनी मढवलेल्या गाडीतूनच जायला हवेत, नाहीतर बॉयलर पेटणार कसा?

ड्रायव्हर सांगून गेला, "दसऱ्याला सकाळी आठला गाडी पायजेच की. झाली तर कारखान्याच्या समद्या जीपा तुमच्याकडंच येतील, साहेब बोललेत. न्हाय झाली तर टोचन लावून, वडत पुण्याला."

नरसय्याला इंग्रजी येत नसे, त्यामुळे मॅन्युअल मी वाचून दाखवायचो. मी वाचायचो, तो करायचा. त्यामुळे मलाही थोडं कळू लागलं होतं. इंजिनात दोन दातेरी चाकं असतात, एक मोठं, एक लहान. दोन्हींवर एकेक खूण. त्या खुणा समोरासमोर ठेवून चेन चढवली की झडपा वेळच्या वेळी उघडतात. एका दाताची चूक झाली तरी गाडी कुरकुरते. जुन्या चाकांचे दात झिजले होते, म्हणून बाजारातून नवी आणली; ती मात्र बिनखुणेची निघाली. नरसय्या डगमगला नाही. त्यानं जुनी चाकं नव्यांवर ठेवली आणि नेमक्या त्याच दातांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले.

मग आली खंडेनवमीची साफसफाई. उद्या-परवा हत्यारांची पूजा, म्हणून शेड झाडली, भंगार देऊन टाकलं. जुनी चाकं त्यातच गेली. आणि मी — रिकामा बसलो होतो म्हणून — नवी चाकं रॉकेलमध्ये घासून लख्ख केली. ठिपक्यांसकट.

नरसय्यानं चाक उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"मास्तर, रंग कुटं गेला?"

"कसला रंग?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच रॉकेलच्या डब्याकडे बघितलं.

तो रागावला नाही. "पूजेला लई चकाचक केलंत की," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मॅन्युअल उघडून, झडपांची हालचाल बघून आम्ही दोनदा अंदाजानं चेन चढवली. दर वेळी रेडिएटर काढा, पुढचं झाकण काढा, सगळं परत बसवा... पहिल्या वेळी गाडी सुरू करायच्या हँडलनं उलटा झटका दिला, नरसय्याचं मनगट थोडक्यात वाचलं. दुसऱ्या वेळी इंजिन सुरू झालं, पण कार्बोरेटरमधून ज्वाळ बाहेर आली. शेडमध्ये इंजिन आणि नरसय्या आळीपाळीनं खोकत होते. मला दोन्ही ऐकवत नव्हतं.

खंडेनवमीच्या दुपारी चाकं पुन्हा बाहेर काढली, तेवढ्यात नरसय्याची आई लक्ष्मम्मा पूजेचं ताट घेऊन आल्या. सत्तरीच्या, सडसडीत. चाळीस वर्षं सुताचे तुटके धागे जोडलेली बोटं.

"पान्हे खाली ठेव."

पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम. नरसय्या काकुळतीला आला. "अम्मा, पूजा संध्याकाळी करू की. गाडी उद्या जायचीय."

"हत्याराला वर्साचा एक दिवस सुट्टी. ती पन तुझ्या चेअरमनला इचारून देऊ काय?" मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुझं ते पुस्तक पन ठेव हितं. तेवढंच त्याला कुंकू लागंल."

मी मॅन्युअल पान्ह्यांशेजारी, चाकांजवळ ठेवलं, आणि पूजा त्यांच्यावर सोडून आम्ही दोघं घरी गेलो.

दसऱ्याला उजाडताच आम्ही शेडमध्ये आलो. प्रत्येक पान्ह्याच्या बरोबर मध्यावर हळदकुंकवाचं बोट होतं. हातोडीवर, पक्कडीवर, मॅन्युअलवरही. दोन चाकं तेवढी वेगळी. मोठ्या चाकाच्या एकाच दाताच्या टोकावर कुंकू, लहान चाकाच्याही एकाच दातावर.

मी रात्रभर हिशेब करून जागा ठरवली होती. कुंकू तिच्यापासून एक दात सरकलेलं होतं. आठ वाजायच्या आत एकदाच चेन चढवण्याइतका वेळ होता.

"मी अम्मानं लावलंय तितं लावतो," नरसय्या म्हणाला.

"अरे, त्यांना दात म्हणजे तोंडातलेच ठाऊक!"

"तुमच्या पुस्तकानं दोनदा लावलं की मास्तर."

मी रेडिएटरचा पाइप धरून उभा राहिलो.

हँडलच्या पहिल्याच अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं. नरसय्यानं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला बोनेटवर ठेवला. पाणी थरथरलं, पण थेंब सांडला नाही. तो पेल्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे. ड्रायव्हर आला, गाडी पार विजापूर रस्त्यापर्यंत फिरवून आणली आणि खाली उतरून म्हणाला, "बोलायचं कामच न्हाय. परवापासनं जीपा धाडतो."

भावानं धरून ठेवलेली लूमवरची जागा त्याच दिवाळीत दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मी मात्र लक्ष्मम्मांच्या मागे लागलो. "अम्मा, त्याच दातावर का लावलं?"

"मला काय ठाव? बोट फिरवलं. एक दात गरम लागला, तितं लावलं."

"अहो, सोलापुरात पत्र्याखालचं सगळंच लोखंड गरम असतं!"

"मग इचारतोस कशाला?"

रंगाचा काही अंश उरला असेल, असं मला वाटून गेलं. पण तो घासला मीच होता, आणि माझ्या दुर्दैवानं नीट घासला होता. अनेक वर्षं धागा चाचपलेल्या बोटांना न दिसणारं जाणवत असेल, हे मी मानायला तयार आहे. तशी बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. पण जाणवण्यासारखं तिथं होतं काय? ठिपके दिले तेव्हा लक्ष्मम्मा शेडकडे फिरकल्याही नव्हत्या. नुसता योगायोग म्हणावा, तर दोन चाकांवरचे दोन दात नेमके जुळायचे... तो हिशेब मी कागदावर मांडून पाहिला आणि कागद फाडून टाकला.

पुढच्या खंडेनवमीला मी बाजारातून एक बिनखुणेचं चाक आणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हातात घेऊन फिरवलं.

"कुनाचं हाय?"

"कुणाचंच नाही. तुम्हाला दाखवायला आणलं."

"ह्याच्यावाचून कुनाचं काय अडलंय का?"

"नाही."

"मग गारच हाय ते," त्या म्हणाल्या, आणि चाक माझ्या हातात देऊन पान्ह्यांना कुंकू लावायला बसल्या.

स्पष्टीकरण शोधणं मी सोडलेलं नाही. अजून सापडलेलं नाही, एवढंच.