‘निर्भीड’ला मिळालेला घर क्रमांक

सकाळचे साडेदहा. भिवंडीबाहेर खाडीकाठचा चिखल. पाऊस थांबलेला, भरती लागलेली. एक ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यातून पहारी-हातोडे घेतलेली सात-आठ माणसं उतरली.

बातमी म्हणून एवढ्यावर थांबलो असतो आणि तोंड मिटून बसलो असतो, तर आज माझ्या डोक्यावर छप्पर असतं. पण तोंड मिटायची सवय असती तर मी बातमीदार कशाला झालो असतो? हसा खुशाल. जन्मभर दुसऱ्यांचा गाढवपणा छापून पोट भरलं, आज माझा ऐका.

तेव्हा मी होडीत राहत होतो. चेष्टा नाही! मुंबईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने समुद्रावर हिंडण्यासाठी बांधून घेतलेली शिडाची होडी होती. सागवानी अंग, उंच डोलकाठी, आत दोन बाकं आणि स्टोव्हपुरता कोपरा. माझ्या घरमालकाच्या कारखान्यातलं सांडपाणी मी छापलं म्हणून त्याने माझं सामान रस्त्यावर ठेवलं, त्याच महिन्यात ती विकायला निघाली. गावाकडची वाटणी फुंकून मी ती घेतली आणि नाव ठेवलं ‘निर्भीड’. घरमालकाच्या नाकावर टिच्चून खाडीत नांगर टाकला.

होडीत राहणं म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला? चिडक्या आजारी सासऱ्याची सेवा! सकाळी चहाच्या आधी तळातलं पाणी उपसायचं. पावसाळ्यात शिडावर बुरशी, उन्हाळ्यात दोर कुजतात. भरती-ओहोटीला होडी तोंड फिरवते तशी आपणही उशी फिरवायची. वारा पडला की डास, वारा सुटला की नांगर घसरतो का, ही धास्ती. आणि खाऱ्या पाण्यातला किडा तर लाकूड असं पोखरतो, जसा आमचा संपादक माझी बातमी!

म्हणून वर्षातून एकदा होडी कोरड्यावर घेऊन तळ खरवडायचा, फटींत कापूस ठासायचा, चुना-तेल चोपडायचं. गणपतीनंतरच्या पौर्णिमेला मोठं उधाण आलं. मी म्हटलं, जितकी वर चढेल तितकी चढवू, म्हणजे काम करताना पाय ओले व्हायला नकोत. बी.ए. झालेलं डोकं! ऐन भरतीच्या शिखरावर मी ‘निर्भीड’ला काठावर चढवली. पाणी उतरलं, होडी ऐटीत बसली, मीही.

चार दिवसांत काम उरकलं आणि पाण्याची वाट बघू लागलो. दुसऱ्या दिवशी पाणी जरा खाली थांबलं. तिसऱ्या दिवशी आणखी खाली. अमावास्येला आलं, पण होडीच्या पायाशी नमस्कार करून परत गेलं. पुढच्या पौर्णिमेला तेवढंही नाही!

“भाऊ, आता त्ये पानी पुढल्या पावसाळ्यात,” भागीबाई म्हणाली.

भागीबाई माझी शेजारीण. गावात जमिनीचा तुकडा, तो तीन दिरांत वाटलेला. म्हणून ती खाडीकाठी झोपडी बांधून राहायची, शेळ्या-कोंबड्या पाळायची आणि दुपारी एका यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची.

“आधी सांगायचंस ना!”

“तुमी इचारलंत कवा? मला वाटलं, शिकलेला मानूस हाय, घरच बांधतोय.”

झालं! ‘निर्भीड’ चिखलात, दोन्ही अंगांना बांबूचे टेकू, आणि मी शिडीने वर चढून तिरक्या बाकावर झोपतोय. उन्हाने फळ्या आकसून फटी उघडू नयेत म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी होडीला पाणी घालायचो. रात्रपाळी सुटलेले विणकर काठावर उभे राहून विचारायचे, “क्या पत्रकार साब, कितनी बढ़ी?”

तरी मी हार मानली नाही. हार मानली असती तर बरं झालं असतं!

रॉकेलसाठी रेशनकार्ड हवं होतं. कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, “पत्ता?”

“होडी.”

“होडीला पत्ता नसतो. उद्या निघून गेलात तर?”

“अहो, ती निघत नाही हेच तर माझं दुःख आहे!”

“मग घर क्रमांक आणा.”

आता मला कोणी असं म्हणावं? मी पेटलोच. आमच्या पेपरात अर्धं पान लिहिलं. जिथे चूल पेटते ते घर. ज्याच्या दाराला कुलूप लागतं ते घर. माणूस जिथे परत येऊन झोपतो ते घर. चिखलात रुतलेली ‘निर्भीड’ ही होडी नसून कायद्याने, व्यवहाराने आणि नीतीने घर आहे! काय भाषा, काय त्वेष! वरच्या साहेबाने वैतागून होकार दिला. एक रंगारी आला आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ‘निर्भीड’ या अक्षरांखाली, पांढऱ्या ऑइलपेंटने घर क्रमांक टाकून गेला. मी त्याला पेढा दिला. रॉकेल मिळालं. कारकुनाच्या टेबलावर तो लेख आपटून आलो, तो आनंद वेगळाच.

असा पुढचा पावसाळा उगवला, आणि आषाढातल्या अमावास्येनंतरचा तो दिवस. दुपारी एकच्या सुमारास वर्षातली मोठी भरती. मी सगळी तयारी केली होती. फटी भरलेल्या, तळाला तेल. मोठा नांगर ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत खाडीत नेऊन टाकलेला, त्याचा दोर होडीवर ताणून बांधलेला. पाणी चढलं की दोर ओढायचा, होडी सरकणार, शीड वर! रत्नागिरीपर्यंत जायचं मनात होतं. फक्त अडीच तास कळ काढायची होती.

आणि हा ट्रक आला.

दिवस आणीबाणीचे. पेपरात काय छापायचं ते दुसरेच ठरवायचे आणि कुणाचं छप्पर कधी उडेल याचा नेम नव्हता. ट्रकमधून शेवटी एक छत्रीवाला साहेब उतरला आणि सरळ भागीबाईच्या झोपडीकडे निघाला. माझ्या होडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. चिखलात होडी, त्यात बघण्यासारखं काय?

पण मी बघत होतो ना! माझं रक्त उसळलं. शिडीवरून उडी टाकली, घोट्यापर्यंत रुतलो, आणि तिथूनच ओरडलो, “थांबा! नोटीस कुठे आहे?”

भागीबाई दारात आली. तिने मला डोळ्यांनी खूण केली. मला वाटलं, बिचारी घाबरली आहे.

“तुम्ही कोण?” साहेब म्हणाला.

“मी वार्ताहर आहे! भर पावसात एका बाईचं घर पाडताय, लाज वाटत नाही?”

“भाऊ, तुमी वर जावा,” भागीबाई म्हणाली.

“तू घाबरू नकोस! मी आहे!”

“त्येचंच भ्याव हाय.”

तेवढ्यात पाळी सुटली आणि पन्नासेक विणकर काठावर जमले. कुणीतरी शिट्टी मारली. आता मला प्रेक्षक मिळाले, मग काय! मी कायदा सांगितला, पावसाळ्यात बेघर करण्याचं पाप सांगितलं. आणि शेवटी, देव माझी जीभ झडवो, छातीवर हात मारून म्हणालो, “हिंमत असेल तर आधी माझं घर पाडा! ते बघा, नंबर आहे त्याच्यावर!”

साहेबाने पहिल्यांदा वळून होडीकडे पाहिलं. छत्री मिटली. जवळ गेला, नाळेवरचा क्रमांक वाचला.

“हे घर आहे?”

गर्दीतला एक जण ओरडला, “हाँ साब, पेपर में छपा था!”

मी अजूनही शुद्धीवर आलो नव्हतो. “घरच आहे! कायद्याने, व्यवहाराने आणि नीतीने!”

“भरतीच्या रेषेच्या आत? इथे बांधकामाला बंदी आहे.”

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. “नाही, म्हणजे... साहेब, ही होडी आहे हो. डोलकाठी बघा. सुकाणू बघा. दोन तासांत पाणी येईल, तरंगेल, मी जाईन.”

“आत्ता घर होतं.”

“ते लेखात! वादापुरतं!”

“साब, तोड़ना है क्या?” पहारवाल्याने विचारलं.

साहेबाने गर्दीकडे पाहिलं. पन्नास माणसांसमोर एवढं ऐकून घेतल्यावर काहीतरी मोडल्याशिवाय तो परत कसा जाणार होता? त्याने मान हलवली.

सागवान तुटताना जो आवाज येतो तो ऐकला आहे का तुम्ही? ऐकू नका. मी मधे पडलो, दोघांनी मला दंडाला धरून बाजूला उभं केलं. मी ठासलेला कापूस फटींतून लोंबत होता. डोलकाठी मात्र त्यांनी तोडली नाही, नीट सोडवून घेतली. धडाच्या चांगल्या फळ्याही वेगळ्या काढल्या. एकच्या सुमारास पाणी आलं, वर्षातलं मोठं पाणी, अगदी होडी होती तिथवर. उरलेल्या ढलप्या हलक्याशा तरंगल्या आणि खाडीतल्या नांगराचा दोर उगाच ताणत राहिला.

गर्दी पांगली. भागीबाईने चहा आणून दिला.

“तुझं तरी वाचलं,” मी म्हणालो. हुतात्म्यासारखा.

“माजं मोडणारच न्हवतं, भाऊ.”

“म्हणजे?”

“दोन कोंबड्यांवर ठरलं व्हतं. त्या न्यायलाच आलावता सायेब. टोपलीखाली झाकून ठिवल्यात, बघा.” तिने टोपली उचलून दाखवली. “तुमी एवढं बोल्लात, पन्नास मानसांत. मग त्यो कोंबड्या कशा नेनार?”

दोन्ही कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या. मी चहा संपवला.

नंतर मी लढलो, लढणारच! एका कचेरीत गेलो. ते म्हणाले, आम्ही फक्त घरं पाडतो आणि आमच्या पाहणीप्रमाणे ती होडी होती, तेव्हा पथक आमचं नव्हे. होड्यांच्या कचेरीत गेलो. ते म्हणाले, तुमच्या नाळेवर घर क्रमांक होता, होडीशी आमचा संबंध, घराशी नाही. तिसऱ्या कचेरीतल्या माणसाने तर माझाच लेख खणातून काढून मला वाचून दाखवला. चांगलं वाचत होता. मला दोन ठिकाणी दाद द्यावीशी वाटली.

आणीबाणी गेली, सरकार बदललं, साहेब बदलले. मी प्रत्येकाला विचारलं आहे. त्या दिवशी माझी डोलकाठी आणि सागवानी फळ्या भरून एक ट्रक राहनाळच्या रस्त्याने गेला, हे पन्नास माणसांनी पाहिलं. तो ट्रक कुणाचा होता, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.