चावी हा शब्द कुणाचा

खारबावला आमच्या गावाभोवती गोडाऊनं उठू लागली होती, तेव्हाची गोष्ट. दारात अनोळखी माणूस दिसला की तो जमिनीचा दलाल, असं वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. मी भिवंडीच्या कॉलेजात शिकत होते.

एका सकाळी साठीचे एक गृहस्थ आले. खांद्याला झोळी, हातात वही. म्हणाले, "मी गावोगावचे शब्द गोळा करतो. कुलूप कशानं उघडता तुम्ही?"

"चावीनं," वडील म्हणाले.

"हा शब्द पोर्तुगीजांचा. वसईला ते होते, तिथून खाडीकाठच्या गावांत रुजला. किल्ली त्याच्या आधीची." मग त्यांनी विचारलं, "घरातल्या चाव्या कुणाच्या कमरेला असतात? सुनेकडे कधी देतात?"

वडिलांचा चेहरा बदलला. हा माणूस घरात कुणाचं चालतं ते काढून घेतोय, असं त्यांना वाटलं. त्यानंतर ते सरळ खोटं बोलू लागले. बिजागरीला आम्ही 'भुरकुंडी' म्हणतो, घमेल्याला 'टोंबाळ'. गृहस्थ लिहीत गेले.

वडील मला आत येऊन म्हणाले, "पाणी दे आन् वहीत बघ, सातबाऱ्याचे नंबर हायत का."

पाणी देताना मी पाहिलं. नुसते शब्द होते.

"खरी वही झोळीत असंल," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत शब्दकोश उघडला. चावीपुढे 'पोर्तुगीज' लिहिलं होतं. घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "म्हंजे तो दलाल न्हाय, असं थोडंच?"

मला मात्र राहवेना. वज्रेश्वरीच्या धर्मशाळेत उतरलोय, असं ते गृहस्थ जाताना म्हणाले होते. मी एस.टी.नं तिथे गेले आणि वडिलांनी दोन शब्द खोटे सांगितल्याचं कबूल केलं. त्यांनी वही उघडली. त्या दोन्ही शब्दांभोवती पेन्सिलीनं गोल केला होता.

"चावी म्हणताना तुझे वडील थांबले नाहीत," ते म्हणाले. "या दोन्ही वेळा थांबले. कोन गावात तर लोकांनी दलाल समजून माझी वहीच काढून घेतली होती."

मी त्यांना आमचे खरे शब्द सांगितले. त्यांनी चहा पाजला.

घरी आले तेव्हा वडील ओटीवर बसले होते. मी कुठे गेले होते ते त्यांना कळलं होतं. "त्यानं जमिनीचं काय विचारलं?"

"काहीच नाही."

घरातलं मीच बाहेर सांगते, असं त्यांनी धरून टाकलं. पुढे कित्येक दिवस कुणी पाहुणा आला, की ते मला आत जायला सांगत.