वाटा खुशीनं सोडला का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मार्गदर्शक सरांना नाही — आणि आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, तर नाहीच नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ सुटतेय.

मी नगरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. ‘मिश्र संशोधन पद्धती’ म्हटलं की आमच्या भागात माझंच नाव निघतं. कार्यशाळेला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, आणि मी माझाच पीएचडीचा अभ्यास नमुना म्हणून सांगतो. आधी प्रश्नावली भरून आकडे काढा, मग माणसांशी निवांत बोला, दोन्ही शेजारी ठेवून बघा — माझ्या अभ्यासात दोन्हींतून एकच उत्तर आलं! पोरं लिहून घेतात. मी पाणी पितो.

एकच उत्तर? कसलं डोंबलाचं एकच उत्तर!

विषय होता हक्कसोड. बाप गेला की बहिणींनी जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडायचा. कागदावर सही, वर साडीचोळी आणि जेवण. मी काष्टीकडची गावं घेतली, कारण आक्का तिकडं दिलेली. प्रश्नावली घरोघरी भरली. ओट्यावर सासरा, दीर, कधी माहेराहून आलेला भाऊसुद्धा बसलेला. ‘वाटा खुशीनं सोडला का?’ — ‘व्हय, खुशीनं.’ पुढच्या घरीही तेच.

मुलाखती मात्र आक्कानं घेतल्या. पुरुष माणसाशी बायका काय बोलणार? रानात कांदा कापायला बसलेल्या बायकांत ती जाऊन बसली, सांगून-सवरून रेकॉर्डर मधे ठेवला, आणि कांदे कापता कापता बायका बोलल्या. काय बोलल्या! सही केली न्हाई तर माहेर तुटतंय. खुशी कसली, लई रडले मी. आक्का परत आली ती उजळलेल्या तोंडानं. ‘बापू, लई मोकळ्या झाल्या रं बाया. मी सांगितलंय त्यास्नी, माझा भाऊ समदं लिहिनार हाय.’

आणि सर — हेही लपवत नाही — सर मला बजावून म्हणाले होते की आकडे आणि बोलणं जुळलं नाही तर घाबरू नका, खरा शोध तिथंच लागतो. म्हणजे मला कुणी अडवलं नव्हतं.

मग अडलं कुठं?

एका दुपारी रिकाम्या स्टाफरूममध्ये मी त्या मुलाखती ऐकत होतो. एक बाई रडत होती. तिला समजावता समजावता आक्का म्हणाली, ‘माझं तरी काय निराळं हाय? सही करताना हात उचलंना. पन बापूला शिकायचं हुतं.’

बापू म्हणजे मीच. कर्जतची आमची जमीन आक्काच्या सहीनं एकट्या माझ्या नावावर झालेली. त्यातला तुकडा विकून मी केडगावात घर घेतलं. गावभर तोच प्रश्न विचारत फिरलो — आणि सख्ख्या बहिणीला? एकदासुद्धा नाही.

मी काय केलं, सांगू? तिचं वाक्य काढून टाकलं. पण एकीचं काढून भागतं का? बाकीच्या सगळ्या तेच तर सांगत होत्या. मग ‘खुशीनं दिलं असंच म्हनावं लागतंय’ यातलं ‘खुशीनं दिलं’ एवढंच ठेवलं. असं प्रत्येकीचं कापलं. आकड्यांशी जुळवलं. रेकॉर्डिंग पुसलं. डॉक्टर झालो.

तेव्हापासून धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खरं सांगावं तर नोकरी, नाव, आणि आक्का — सगळंच जाणार. गप्प बसावं तर पुढच्या कार्यशाळेत तेच खोटं पुन्हा, आणखी ठासून. किती वेळा वाटलं, आज सांगावं. सांगितलं का? छे.

मग दाजी गेले. वर्षभरानं त्यांच्या जमिनीची हक्कसोड निघाली आणि आक्काची लेक शीतल भावाच्या नावे सही करायला तयार होईना. बैठक बसली. तिचा चुलता म्हणाला, ‘मामांना इचारा की. त्यांनी तर ह्याच्यावरच डॉक्टरकी केलीया.’

सगळे माझ्याकडं वळले. शीतलच्या डोळ्यांत केवढा भरवसा होता — मामा आपल्या बाजूनं बोलेल! आणि आक्का तर अगदी निश्चिंत बसली होती. तिनं त्या बायकांचं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं ना. आता माझ्या तोंडून ते भावकीपुढं निघणार, असंच ती धरून चालली होती.

मी म्हणालो, ‘माझ्या अभ्यासात तरी बायकांनी खुशीनंच सोडलाय.’

कुणीतरी ‘बघा!’ म्हणालं. आक्का माझ्याकडं बघत राहिली.

‘असं लिहिलंस व्हय?’

एवढंच. मग उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात शीतलनं श्रीगोंद्याच्या कचेरीत जाऊन सही केली. आक्का अजून फोन करते, पोरांची चौकशी करते. त्या बायकांना तिनं काय सांगितलं असेल? मी विचारलेलं नाही.