पाठीवरचे पट्टे

सुरतच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई खानदेशचे होते, रोज सायकलने येत. हातोड्यासारख्या डोक्याच्या चपट्या कृमीला ते 'फावडं' म्हणत. "याचं तोंड पोटाखाली. आपल्या साहेबांसारखं, डोक्याशी संबंधच नाही!" या कृमींची जात ओळखताना आधी पाठीवरचे पट्टे मोजतात. बाटलीवरची चिठ्ठी लिहिण्याआधी ते माझी परीक्षा घेत, "बोला बाई, पट्टे किती?"

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या पावसाळ्यात मी एकदा घाईत "तीन" म्हणाले. पट्टे पाच होते. त्यांनी तसंच तीन लिहिलं. मी बाटली त्यांच्यापुढे धरून मोजायला सांगितलं. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि परत टेबलावर ठेवली.

"डोळ्यांची नस सुकली म्हणे, बाई. नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. कोणाला सांगू नका."

मी चिठ्ठी बदलली. "उद्यापासून सायकल घरी ठेवा," एवढंच म्हणाले.