मामींचं मधलं नाव

आमच्या बोरीवलीच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मामी मोबाईलसमोर बसायच्या त्या थेट गजरा माळून. मोबाईल तूरडाळीच्या डब्याला टेकवलेला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. "बाईंसमोर असाच बसतत काय?" असं त्या मलाच विचारायच्या. धड्यातल्या त्या बाई रेकॉर्ड केलेल्या आहेत, त्यांना तुम्ही दिसत नाही, हे मी सांगून पाहिलं. मामींनी गजरा काही सोडला नाही.

मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला आणि हिशेब करायला शिकवणारा तो ऑनलाइन वर्ग मामींच्या मुलुंडच्या मुलीने त्यांच्या मोबाईलवर लावून दिला होता. रोज एक रेकॉर्ड केलेला धडा, रविवारी बाई व्हिडिओ कॉलवर. मी वरच्या मजल्यावर राहते, काम घरूनच करते, तेव्हा धडा सुरू करून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मामी मूळच्या मालवणकडच्या. धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला त्यांना पहिलीच्या मध्यातच घरी बसवलं. पुढे पोळीभाजीचे डबे करून त्यांनी मुलं शिकवली, पण ती पहिली मनात राहून गेली. "माका फक्त एकदा कोणीतरी पास म्हणूक व्हया," त्या म्हणायच्या. एवढंच त्यांचं मागणं होतं.

रेकॉर्डमधल्या बाईंशी त्यांचं रोज वाजायचं. बाई प्रश्न विचारायच्या, क्षणभर थांबायच्या आणि "शाब्बास!" म्हणून मोकळ्या व्हायच्या. मामी खवळायच्या. "मी अजून तोंड उघडूक नाय, आणि शाब्बास कसली देतंस?" एकदा गणित आलं. पाच आंबे, दोन कुजले, उरले किती? मामी म्हणाल्या, शून्य. दोन कुजल्यावर बाकीचे ठेवायचे कशाला, त्याच दिवशी खाऊन टाकायचे. बाई "शाब्बास" म्हणाल्या, आणि त्या दिवशी मात्र मामींनी ती आनंदाने घेतली.

वाचायला यायला लागलं तशी आमची करमणूक वाढली. सोसायटीच्या फलकावरची सूचना मामी जिन्यात उभ्या राहून मोठ्याने वाचायच्या आणि प्रत्येक ओळीवर स्वतःचं मत द्यायच्या. सेक्रेटरी त्या वाटेने जायचे बंद झाले.

मग तोंडी परीक्षेचा रविवार आला. पडद्यावर स्वतःचं नाव येणार, ते पूर्ण वाचायचं. मामींनी वाचलं, "सुलोचना." मग एकदम "परब."

"मधला शब्द वाचा ना, काकू," बाई म्हणाल्या. या बाई खऱ्या होत्या, वयाने लहान आणि स्वभावाने गोड. मामी खिडकीकडे बघत राहिल्या. "नाही जमत? हरकत नाही. पुढच्या वेळी नक्की पास व्हाल."

मामींचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. सबंध सूचना फलक घडाघडा वाचणारी बाई एका शब्दाला अडते कशी? मी आमचा आवाज बंद केला आणि विचारलं. मामींनी हळूच स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आत मामा चहा पीत होते.

"घोवाचा नाव असा सरळ घेऊचा? माका जमाचा नाय."

मामा कप घेऊन दारात आले. "माझ्या नावान नापास झालंस?" म्हणाले आणि इतके हसले की चहा बशीत सांडला.

"मग उखाण्यात घ्या की, मामी," मी म्हटलं. हळदीकुंकवाला त्यांच्यापुढे टिकणारी बाई आमच्या इमारतीत नव्हती. मामी सावरून बसल्या. मी आवाज सुरू केला.

"सुलोचना," त्यांनी खणखणीत सुरुवात केली. "डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून बसले मी शिकायला, शांतारामरावांचं नाव घेते पहिलीत पास व्हायला. परब."

पडद्यावरच्या चौकटीचौकटीतून वर्गातल्या इतर बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना हसू आवरेना. "पास, काकू. पास!" मामींनी तो शब्द त्यांना पुन्हा म्हणायला लावला. मामा लाजून आत गेले.

आता दोघं गावी राहायला गेलीत. फलकावरची सूचना आम्ही मुकाट्याने वाचतो, आणि मला त्यात काडीची मजा येत नाही. परवा मामींचा फोन आला. ओटीवर वाडीतल्या बायका जमवून तोच वर्ग त्यांनी लावला होता.

"आज पुरा नाव वाचूचा आसा," त्या म्हणाल्या. "घोवांक आधीच भायर बसवलंय."

त्यांनी फोन तसाच सुरू ठेवला. पलीकडे एकीमागून एक म्हाताऱ्या बायका आपलं नाव वाचत होत्या, मध्ये अडत होत्या, खुदकन हसत होत्या आणि उखाणा घेऊन पुढे जात होत्या. रेकॉर्डमधल्या बाईंना मामींनी मध्येच थांबवून ठेवलं होतं. प्रत्येकीचं पूर्ण होईपर्यंत मामी वाट बघायच्या, आणि मग मामींचाच आवाज यायचा, "पास."