तारेला टोचलेली पत्रं

माझे होणारे सासरे रायपूरला कुणाच्या तरी तेरवीला आले होते. अकोल्याला परत जाताना वाटेत भिलाईला उतरले, रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये आले, आईने केलेले पोहे खाल्ले, चहा बशीत ओतून प्याले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, ते छत दाखव मले.”

“कोणतं छत?”

“ज्याच्यावरून संध्याकाळी आभाळ लाल दिसते ते. तूच तर लिहिलं होतं. कारखान्यात लोखंडाचा लालभडक मळ, स्लॅग, ओततात अन् सारं आभाळ पेटल्यावानी होते, अन् तुले वाटते का अशा वक्ती आपलं माणूस जवळ पाहिजे होतं.” मग ते बाबांकडे वळले. “लय चांगलं लिहिते हो इवाई तुमची पोरगी. पत्र आलं का आमी सारे बसून आयकतो. टीव्ही बंद करून.”

ते हसत होते. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. माणूस चांगलाच होता. हीच तर पंचाईत आहे, असं करणारी माणसं बहुतेक चांगलीच असतात.

मी त्यांना जिना दाखवला. स्वतः वर गेले नाही.

आमचा साखरपुडा झाला आणि पाठोपाठ सिंहस्थ लागला. गुरू सिंह राशीत असेपर्यंत लग्न करायचं नाही, हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना एकदम मान्य. वर्षभर थांबा. गुरूने कुठे बसावं याच्याशी माझा काय संबंध, असं मी विचारलं तर आई म्हणाली, “तुहा कायशीच संबंध नाई, फक्त जामुलशी हाये.”

जामुलच्या बाजूला ठेक्यावर काम करणाऱ्या बायकांची वस्ती होती. तिथे मी जात असे. सायकलवर. ठेकेदाराने हजेरी लावली नाही, बाळंतीण बाईला कामावरून काढलं, की मी हिंदीत पाम्प्लेट लिहायचे आणि आम्ही ते फाटकावर वाटायचो. कॉलेज संपल्यावर मी एवढंच शिकले होते आणि तेवढं मला बऱ्यापैकी जमत होतं.

तो मला पाहायला आला तेव्हा खुर्चीवर असलंच एक पाम्प्लेट पडलं होतं. बाकीची मंडळी माझी उंची आणि माझा स्वयंपाक यांवर बोलत होती आणि हा माणूस ते वाचत होता. शेवटपर्यंत. उठताना हळूच म्हणाला, “चांगलं झोंबते हे.” तेवढ्यावर मी हो म्हटलं. लोक पगार पाहून हो म्हणतात, गोरेपणा पाहून म्हणतात. मी वाचणारा माणूस पाहून म्हटलं.

मग वर्षभर पत्रं. तो पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, पत्ता घरचा, कारण त्याच्या घरी पोस्टमन ओळखीचा. मी निळ्या इनलँडच्या कोपऱ्यांपर्यंत लिहायचे. मराठीत लिहायचे, मुद्दाम. आमची मराठी घरापुरतीच. बाहेर सगळी हिंदी, भांडणसुद्धा हिंदीत. प्रेमापुरती तरी मराठी असावी असं मला वाटलं. छताचं लिहिलं. त्याचा आवाज आठवायचा प्रयत्न करते आणि ‘झोंबते’ हा एकच शब्द ऐकू येतो, असं लिहिलं. आणि एक प्रश्न विचारला.

लग्न करून मी अकोल्याला येईन. पण मी घरात बसणार नाही. ठेक्यावरच्या बायका अकोल्यातही असतील, नसतील तर दुसरं कुणी असेल, ज्यांच्यासाठी फाटकावर उभं राहावं लागतं. तुम्हाला चालेल का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

उत्तर आलं. “तुझे पत्र मिळाले. सर्वांना आनंद झाला. इकडे हरभरा चांगला आहे. आईचे गुडघे दुखतात.”

मी पुन्हा विचारलं. पुन्हा गुडघे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वाटलं, विचार करत असेल. अवघड प्रश्न आहे, माणूस उथळ नाही, वेळ घेतोय. मी त्या न आलेल्या उत्तरावर प्रेम करत बसले होते. ‘सर्वांना आनंद झाला’ यातलं ‘सर्वांना’ मला दिसलंच नाही.

सासरे छतावरून खाली आले तेव्हा मी विचारलं, “पत्र वाचते कोण?”

“मोठी सून वाचते. आवाज गोड हाये तिचा. वाचून झालं का तारेले लावून देतो. लाइटचं बिल, लग्नपत्रिका, तुही पत्रं, सारं एका तारेत. गहाळ व्हाचं काम नाई.”

ती तार आमच्याही घरी होती. खिळ्याला टांगलेली, खाली वाकवलेली, टोक अणकुचीदार. कागद टोचायचा आणि वर सरकवायचा. माझ्या छतावरचं लाल आभाळ लाइटच्या बिलावर टोचून ठेवलेलं मला दिसलं.

ते गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. आई भांडी आवरत होती, तिने हातही थांबवला नाही.

“कावून एवढी तणफण करून राहिली? घरचेच त हायेत. तुह्या पत्रात काई चोरी हाये का?”

“चोरी नाई म्हणूनच विचारतो. मले आलेलं पत्र तू उघडलं का आजवर?”

“मले टाइम कुठी हाये,” आई म्हणाली.

बाबा प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. त्यांना वादात मजा वाटे. “तू पाम्प्लेट वाटते तवा तुले वाटते साऱ्या दुनियेनं वाचावं,” ते म्हणाले. “अन् अकोल्यातल्या सहा लोकायनं वाचलं त गुस्सा. ये कैसा न्याय है, नेताजी?”

“पाम्प्लेट मी ज्याच्या हातात देतो तो वाचते, बाबा. हे मी एकाच्या हातात दिलं होतं.”

“एकाच घरात दिलं ना.”

हेच. एकाच घरात. मुलीचं पत्र घरात येतं, माणसाकडे येत नाही. मुलगी घरात येते, माणसाकडे येत नाही. तिला कसं वागवायचं ते घर ठरवतं, आणि घर म्हणजे कोण असं विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वस्तीतल्या ज्या बाईला वाचता येत नव्हतं ती नवऱ्याचं पत्र माझ्याकडून वाचून घेताना पोरांना बाहेर पिटाळायची, सासूला पाणी आणायला पाठवायची आणि मग म्हणायची, “अब पढ़।” अकोल्यात तर सगळे शिकलेले. तिथे मोठ्याने वाचायची गरज कुणाला होती?

दुसऱ्या दिवशी सिविक सेंटरच्या पीसीओवरून मी त्याच्या ऑफिसात फोन लावला.

“माही सारी पत्रं घेऊन भिलाईले या. तुमी स्वतः.”

“काय झालं? सिंहस्थात भेटलेलं चालते का, आईले विचारावं लागन.”

“नका विचारू. या.”

तो रविवारी आला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, आला. सिविक सेंटरच्या बागेत आम्ही बाकावर बसलो, दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. त्याने पिशवीतून गठ्ठा काढला. पत्रं तारेतून काढून त्याच भोकांतून सुतळी ओवली होती. नीटनेटका माणूस. इनलँड घडी करूनच टोचलेलं, त्यामुळे उघडलं की एकाच टोच्याची भोकं पानभर दिसत. एक भोक ‘जवळ’ या शब्दातून गेलं होतं.

“पत्र वाचत तवा तुमी कुठी बसत होते?” मी विचारलं.

“तिथीच. दिवाणावर.”

“काई म्हटलं नाई?”

“काय म्हणू? बाबाले हौस हाये. अन् वहिनी छान वाचते.” त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, “तसं लपवासारखं काई नसतेच तुह्या पत्रात. तब्येत, कारखाना, छत.”

“अन् मी विचारलं होतं त्याचं काय?”

“काय विचारलं होतं?”

मला वाटलं, थट्टा करतोय. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी सुतळी सोडली, पत्र उलगडलं, प्रश्नावर बोट ठेवलं. त्याने वाचलं. मग दुसरं पत्र. मग तिसरं. एका ठिकाणी त्याचे कान लाल झाले, तिथे मी त्याच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं.

“हे वहिनीनं वाचलं नाई,” तो म्हणाला. “वाचता वाचता गाळलं असन तिनं. सारे बसले राहतात ना, बाबा, आई.”

वहिनींवर माझा राग नाही. सासऱ्यासमोर बसवून दिराला आलेलं प्रेमपत्र वाचायला लावलेली बाई दुसरं काय करील? नजर पुढे टाकून, लाजेचं आणि भांडणाचं गाळून, तब्येतीवर यायचं. तेही आवाज न अडखळता. त्या घरात माझं पत्र पूर्ण वाचलेलं एकच माणूस होतं, आणि माझं लग्न त्या माणसाशी ठरलं नव्हतं.

“तार कुठी हाये?” मी विचारलं.

“आँ?”

“पत्राची तार. घरात कुठी लावली हाये?”

“दिवाणाच्या वर. कावून?”

दिवाणाच्या वर. म्हणजे तो बसायचा तिथे, डोक्याच्या थोडी वर. हात उंचावला असता तर पत्र हातात आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं, कुलूप नव्हतं, बाप काही वाघ नव्हता. सहा महिने माझा प्रश्न याच्या टाळूवर लोंबत होता आणि याला वाटलं, ऐकलं ना एकदा, झालं. पाम्प्लेट वाचणारा माणूस. फुकट मिळालेला, अनोळखी मुलीने लिहिलेला कागद शेवटपर्यंत वाचला. स्वतःच्या नावाने आलेला वाचला नाही, कारण त्याचं वाचन घरातल्या बायकांकडे होतं, जसा चहा असतो, जसं गरम पाणी असतं.

मी हे सगळं त्याला बोलले नाही. मी म्हणाले, “बरं. आता वाचलं. आता सांगा. हो का नाई.”

त्याने पत्रांची घडी घातली, पहिल्यासारखीच, भोकावर भोक आणून. त्याला मी आवडत होते, हे त्या वेळी मला दिसत होतं आणि त्यानेच मला जास्त चीड आली. नावडतीचं असतं तर समजून घेतलं असतं.

“सवाल चांगला हाये,” तो म्हणाला. “मले स्वतःले काई अडचण नाई. पण एकदा घरी विचारून सांगतो.”

मी गठ्ठा त्याच्या हातात दिला.

“हे कावून देते? तूच आणाले सांगितलं होतं.”

“तुमचीच हायेत. पत्ता तुमचा हाये त्यावर.”

“अन् तुह्या सवालाचं उत्तर?”

“ते मी कळवतो,” मी म्हणाले, आणि त्याला स्टेशनकडे जाणाऱ्या ऑटोत बसवून दिलं. भाडं तोच देणार होता, तेही मी घरी विचारायला सांगितलं नाही, इतपत माझं डोकं तेव्हा ठिकाणावर होतं.

घरी गेल्यावर आई रडली. बाबांनी एकदाच विचारलं, “पक्कं?” आणि मग पेपर तोंडापुढे धरला. नातेवाईक आजही म्हणतात, एवढ्याशा कारणावरून. पत्रं वाचली म्हणून. पत्रं वाचली म्हणून नाही, हे मी सगळ्यांना सांगून थकले. वाचली नाहीत म्हणून.

त्या संध्याकाळी मी इनलँड घेतलं नाही. पोस्टकार्ड घेतलं. उघडं, कुणालाही वाचता येणारं, चिकटवायची गरज नसलेलं. पाम्प्लेट लिहितात तसं मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं:

सर्वांस नमस्कार. हे लग्न मी करणार नाही. त्याचं कारण तुमच्या मुलाजवळच्या पत्रांत आहे, त्यांनी ते स्वतः वाचावं. मोठ्या वहिनींना विनंती की यातलं काही गाळू नये.