दाब, धर, सोड

गॅरेजमध्ये तुपाच्या जुन्या डब्यात नट-बोल्ट साठत जातात. मुद्दाम कुणी टाकत नाही, फेकून द्यायला कुणी धजत नाही. माझ्या लग्नाला आठ महिने झाले आणि माझ्याकडेही असा एक डबा भरलाय. सगळे किस्से एकाच वस्तूचे, होडी वाहून नेणाऱ्या ट्रेलरचे. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मला काही दिसतही नसावं, असं लोक धरून चालतात. ते माझ्या पथ्यावरच पडतं.

*

आमचे हे नाशकात द्वारका चौकाजवळ अण्णांच्या गॅरेजात मेकॅनिक आहेत. अण्णांचं गिऱ्हाईक असलेल्या एका बागाईतदार शेठनी मुंबईहून जुनी मोटरबोट आणली, गंगापूर धरणावर पाहुण्यांना फिरवायला. तिचा ट्रेलर गॅरेजात काही मावेना. इंदिरानगरात अजून घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. त्यातला एक नेमका आमच्या दारासमोर. झालं! माप ओलांडून मी घरात आले, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर समोर होडी.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "माहेरहून आणलीस का गं?"

माझं माहेर चांदवडचं. म्हटलं, "काकू, आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार. होडी कुठली आणू?"

"मग सवत म्हण की!" काकू म्हणाल्या आणि रांगोळी काढायला बसल्या.

*

या ट्रेलरला ब्रेकचं पेडल नाही. जीपचा वेग कमी झाला की ट्रेलर मागून तिला रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात. व्यवस्था हुशार आहे. पण जीप रिव्हर्स घेतली तरी रेटा बसतोच, आणि ट्रेलर बैलासारखा पाय रोवून उभा राहतो. म्हणून मागे जाताना आधी एक पिन घालायची असते.

पहिल्याच दिवशी धरणावर शेठचा ड्रायव्हर ती घालायला विसरला. सहा माणसं लागली, ट्रेलर तसूभर हलेना. शेठ म्हणाले, पाण्याला मान दिला नाही, नारळ फोडा. नारळ शोधून आणण्यात तास गेला. तो फोडून सगळे डोळे मिटून हात जोडत होते, तेवढ्यात ह्यांनी पिन घातली. ट्रेलर सुळकन पाण्यात.

तेव्हापासून दर खेपेला नारळ जातो. मी ह्यांना म्हटलं, शेठना खरं काय ते सांगून टाका.

"कशाला? नारळ दिसला की ड्रायव्हरला पिन आठवते."

*

ट्रेलर पाण्यात बुडतो, म्हणून ब्रेकमध्ये पाणी जातं, गंज धरतो, चाकं जाम होतात. दर पंधरा दिवसांनी चाक जॅकवर. हे ब्रेक पान्यानं आवळत जातात, चाक अडलं की थोडं थोडं सैल करतात. किती सैल, ते कानानं. ड्रमला कान लावून चाक फिरवत बसायचं. "घासतंय... अजून घासतंय... हं, आता नुसतं कुजबुजतंय."

एका रविवारी मी दारातून तीनदा विचारलं, चांदवडला कधी जायचं? उत्तर नाही. चौथ्यांदा उठले, ट्रेलरच्या पलीकडे गेले, चाकाजवळ तोंड नेलं आणि हळूच विचारलं.

"पुढच्या रविवारी," हे लगेच म्हणाले.

*

आता लीलाताई. अण्णांच्या गॅरेजचं ऑफिस सांभाळतात. फोन, सुटे भाग, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, सगळं त्यांच्याकडे. तिशीच्या असतील, लग्न केलेलं नाही. ह्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलंय, वेळ पडली तर गाड्यांच्या ब्रेकवरही. हे त्यांना नुसतं 'लीला' म्हणतात.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ब्रेक पोचट होतो. ती हवा काढणं एकट्याचं काम नाही. पेडल नाही, म्हणून एकानं पुढे उभं राहून लोखंडी दांडी दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली आडवं होऊन चाकामागचा बारका स्क्रू उघडायचा. बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की स्क्रू बंद करायचा आणि मगच दांडी सोडायची. आधी सोडली तर हवा परत आत, सगळं पुन्हा पहिल्यापासून. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा. मधे फक्त तीन शब्द. "दाब... धर... सोड."

अण्णांनी दांडी धरून पाहिली, ड्रायव्हरनं पाहिली. ब्रेक पोचटच. लीलाताईंनी धरली की पहिल्या फेरीत कडक!

"लीलाच्या हाताला काहीतरी आहे," हे म्हणायचे. माझ्यासमोर. चहा पिताना. चहा मी केलेला.

असं दर दुसऱ्या रविवारी. लीलाताई सायकलवरून यायच्या, पदर खोचायच्या, आणि तासभर माझ्या दारात माझा नवरा दुसऱ्या बाईला 'धर, सोड' म्हणत राहायचा. मी खिडकीत मेथी निवडत असायचे. मेथीत कधी एवढ्या काड्या निघाल्या नव्हत्या.

मला ती दांडी हवी होती. दागिना नको, साडी नको, दांडी.

*

एकदा लीलाताई आजारी पडल्या. मी पदर खोचून पुढे झाले. ह्यांनी आश्चर्यानं पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत. दाब म्हटलं, दाबली. धर म्हटलं, धरली. सोड म्हटलं, त्याच क्षणी सोडली. चार वेळा केलं. चारही वेळा हवा आत.

"तुझं चुकत काहीच नाही," हे हात पुसत म्हणाले. "राहू दे. लीला बरी झाली की बघू."

रागावले असते तर परवडलं असतं.

*

पुढच्या खेपेला मी मेथी घेतलीच नाही. खिडकीत नुसती उभी राहिले. तिथून एका वेळी ह्यांचा हातही दिसतो आणि लीलाताईंचाही. जगात दुसरीकडून कुठूनही हे दोन्ही एकदम दिसत नसणार.

ह्यांनी म्हटलं, "सोड." आणि *मग* पाना फिरवला.

लीलाताईंचा हात खालीच होता. एक. दोन. आता वर आला.

पुन्हा पाहिलं. पुन्हा तसंच. आमचे हे 'सोड' आधी म्हणतात आणि स्क्रू नंतर बंद करतात! त्यांना स्वतःला याचा पत्ता नाही. लीलाताईंना सहा वर्षांपासून आहे, आणि त्यांनी तो कुणाला दिलेला नाही.

हेवा काय असतो ते मला त्या दिवशी नीट कळलं. सवत म्हणून ट्रेलर बिचारा उगीचच बदनाम.

*

त्यानंतर अडीच महिने मी वाट पाहिली. एका शनिवारी शेठचा निरोप आला, उद्या पाहुणे आहेत, ब्रेक आजच पाहा. लीलाताईंना बोलावायला वेळ नव्हता. मी काही न बोलता दांडीशी जाऊन उभी राहिले. "सोड," हे म्हणाले. एक. दोन. सोडली.

पहिल्या फेरीत कडक.

हे खालून सरपटत बाहेर आले, तोंडभर तेल, आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मला लाजायला झालं.

"कमाल आहे," म्हणाले. "अगदी लीलासारखा हात आहे तुझा!"

मी दांडी जागेवर ठेवली. अलगदच ठेवली.

*

पुढच्या रविवारी लीलाताई नेहमीच्या वेळेला आल्या. हे ट्रेलरखाली होते आणि दांडी माझ्या हातात होती. त्या सायकल धरून उभ्याच राहिल्या. दोन्ही चाकं होईपर्यंत त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे एकदाही नाही. मग हे हात धुवायला मोरीत गेले.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "मी दोन मोजायचे."

"हो का?" मी म्हटलं. मीही दोनच मोजले होते. "आता तीन लागतात."